दमदाटीला हार कोण घालतो?

सांबऱ्याच्या माणसाला पुढाऱ्यांचे अप्रूप राहिलेले नाही. विमानतळ आमच्या गावाला लागून आहे. हलग्याच्या सुवर्ण विधानसौधात अधिवेशन भरले, निवडणूक आली किंवा कुणाचे सरकार डळमळू लागले, की आमच्या रस्त्यावर गाड्यांची रांग लागते. हार येतात, फेटे येतात, ताशा येतो. रस्त्याच्या कडेला उभे राहून हे सोहळे पाहता पाहता माझ्या केसांचा कापूस झाला. त्यातून एक गोष्ट मात्र ध्यानात आली. ज्या पुढाऱ्याने नुकताच आपल्याच पक्षाला दम दिलेला असतो, त्याच्याभोवतीची गर्दी नेहमीपेक्षा मोठी असते.

चहाच्या टपरीवर कारण विचारले तर उत्तर तयार असते. "गडी दमाचा हाय की वो सर! वरच्यांनासुद्धा भीत नाही." कशासाठी दम दिला, असे पुढे विचारावे तर समोरचा गप्प होतो. मग कपातला शेवटचा घोट घेऊन म्हणतो, "ते काय ठाऊक नाही, खरं दिला की!"

वाचकहो, या "खरं दिला की" मध्येच आपल्या राजकारणाचा सगळा रोग आहे असे माझे मत आहे. पुढाऱ्याची दादागिरी त्याच्या घरी जन्मत असेल, पण ती वाढते ती आपल्या टाळ्यांवर. आज मला पुढाऱ्यांशी भांडायचे नाही. त्यांच्याशी भांडून काही होत नाही हे तीस वर्षांच्या मास्तरकीत कळले. मला भांडायचे आहे ते टाळ्या वाजवणाऱ्यांशी, म्हणजे तुमच्याशी आणि माझ्याशीही.

उदाहरण दूरचे नको, आपल्या जिल्ह्यातलेच घेऊ. सप्टेंबर २०१८ मध्ये बेळगाव तालुक्याच्या पीएलडी बँकेच्या अध्यक्षपदावरून केवढे रणकंदन माजले होते ते आठवा. ही बँक म्हणजे विहीर, पाईपलाईन, ट्रॅक्टर यांसाठी शेतकऱ्याला दीर्घ मुदतीचे कर्ज देणारी तालुक्याची संस्था. एका बाजूला गोकाकचे रमेश जारकीहोळी, त्या वेळचे राज्याचे मंत्री. दुसऱ्या बाजूला आमच्याच ग्रामीण मतदारसंघाच्या आमदार लक्ष्मी हेब्बाळकर. दोघेही काँग्रेसचे. पक्षश्रेष्ठींना उघड इशारे गेले, बंगळूरहून मध्यस्थ धावले आणि सरकार राहते की जाते याची चर्चा वर्तमानपत्रांत रोज रंगू लागली. शेवटी हेब्बाळकर गटाचा अध्यक्ष बिनविरोध झाला. या साऱ्या धामधुमीत एक प्रश्न मात्र मी कुणाच्या तोंडून ऐकला नाही: या बँकेने शेतकऱ्याला कर्ज किती दिले, आणि ते वेळेवर दिले का? ज्या संस्थेसाठी राज्य हलले, त्या संस्थेच्या कामाची चौकशी ना पुढाऱ्यांनी केली ना आपण. आपण एवढेच विचारत होतो, "कोण भारी पडला?"

डिसेंबर २०१८ मध्ये रमेश जारकीहोळींना मंत्रिमंडळातून वगळून त्यांचे बंधू सतीश जारकीहोळींना घेतले गेले. धुसफूस वाढत गेली. जुलै २०१९ मध्ये सत्ताधारी आघाडीच्या आमदारांच्या राजीनाम्यांचा सपाटा सुरू झाला आणि मंडळी मुंबईच्या हॉटेलांत जाऊन बसली. त्यांना परत आणायला गेलेले डी. के. शिवकुमार पवईच्या हॉटेलबाहेर पावसात उभे असल्याचे दृश्य साऱ्या देशाने पाहिले. आपल्याकडे ते सिनेमासारखे पाहिले गेले. २३ जुलैला ९९ विरुद्ध १०५ अशा मतांनी कुमारस्वामींचे सरकार पडले. सभापतींनी सतरा आमदारांना अपात्र ठरवले. त्यांत आपल्या जिल्ह्याचे तिघे होते: गोकाकचे रमेश जारकीहोळी, अथणीचे महेश कुमठळ्ळी आणि कागवाडचे श्रीमंत पाटील.

आता दिनदर्शिकेकडे नीट पाहा. २६ जुलैला येडियुरप्पांचा शपथविधी झाला आणि त्यानंतर २० ऑगस्टपर्यंत या राज्यात मुख्यमंत्र्यांखेरीज एकही मंत्री नव्हता. नेमक्या त्याच दिवसांत पूर आला. कृष्णा, घटप्रभा, मलप्रभा, मार्कंडेय, साऱ्या नद्या पात्राबाहेर पडल्या. गोकाक शहरात पाणी घुसले. निपाणीजवळ यमगर्णीला वेदगंगेच्या पाण्याने महामार्ग अडवला. पलीकडे सांगली, कोल्हापूर बुडाले. हजारो घरे पडली, जनावरे वाहून गेली, उसाचे फड कुजले. त्या वेळी कृष्णा आणि घटप्रभेच्या काठावरच्या गोकाक, अथणी, कागवाड या तिन्ही मतदारसंघांना आमदारच नव्हता! तहसीलदाराला जाब विचारायला, पंचनाम्यासाठी अडून बसायला, विधानसभेत उभे राहून "माझी माणसे पाण्यात आहेत" असे सांगायला कायदेशीर अधिकार असलेला माणूस तिथे नव्हता. पक्षाशी भांडण कुणाचे, आणि किंमत कुणी मोजली?

आणि मग जनतेने काय केले? १३ नोव्हेंबरला सर्वोच्च न्यायालयाने अपात्रता कायम ठेवली, पण पुन्हा निवडणूक लढवायला मुभा दिली. पक्षांतरबंदी कायदा १९८५ चा, २००३ मध्ये तो कडक केला, तरी शेवटी निवाडा मतदाराच्याच हाती आला. ५ डिसेंबरला मतदान झाले आणि तिघेही नव्या पक्षाच्या चिन्हावर निवडून आले. गोकाकात तर समोर काँग्रेसतर्फे सख्खे बंधू लखन उभे होते. फेब्रुवारी २०२० मध्ये तिघांपैकी दोघे मंत्री झाले. त्यांतल्या जारकीहोळींना मिळाले जलसंपदा खाते, म्हणजे ज्या शिवकुमारांशी वैर, त्यांच्याकडे पूर्वी असलेलेच. चार महिन्यांपूर्वी ज्यांच्या दारात गाळ होता, त्यांनीच गुलाल उधळला. मला कुणाला दोष द्यायचा नाही. मत देणे हा ज्याचा त्याचा हक्क. पण गाळ काढताना जो राग असतो, तो मतपेटीपर्यंत पोचता पोचता कुठे जिरतो, हे कुणीतरी सांगावे.

कुणी म्हणेल, "सर, २०२३ मध्ये लोकांनी धडा शिकवला की." खरे आहे, अथणीत कुमठळ्ळी पडले, कागवाडात श्रीमंत पाटील पडले. पण निवडून कोण आले? अथणीत २०१८ साली काँग्रेसच्या कुमठळ्ळींनी भाजपच्या लक्ष्मण सवदींना हरवले होते. २०२३ मध्ये काँग्रेसच्या सवदींनी भाजपच्या कुमठळ्ळींना हरवले. कागवाडात श्रीमंत पाटील आणि राजू कागे यांचेही तेच. माणसे तीच, आखाडा तोच, फक्त लांगांचे रंग बदलले. आणि बेळगावच्या मतदारानेही हसू नये. जगदीश शेट्टर यांना एप्रिल २०२३ मध्ये तिकीट नाकारले गेले, ते पक्षावर रुसून काँग्रेसमध्ये गेले, हुबळीत पडले, जानेवारी २०२४ मध्ये परतले आणि त्याच वर्षी आपल्या बेळगावचे खासदार झाले. रुसव्याची शिक्षा हुबळीने दिली, बक्षीस आपण दिले.

इथे एक रास्त आक्षेप येतो. आपल्या पक्षाला सुनावणे हा गुन्हा आहे का? पक्षात माना डोलावणारे मेंढरू व्हावे का? मुळीच नाही. स्वतःच्या पक्षाशी भांडण्याइतके अवघड धैर्य दुसरे नाही. पण त्या धैर्याची ओळख काय, ते मराठी माणसाला शिकवायला हवे का? १९५६ साली चिंतामणराव देशमुख केंद्रात अर्थमंत्री होते. मुंबई महाराष्ट्रापासून तोडून केंद्रशासित करण्याचे घाटले, तेव्हा त्यांनी नेहरूंसारख्या नेत्यासमोर आपला विरोध मांडला आणि मंत्रिपद सोडले. हॉटेल नाही, पाठीराख्यांची मोजदाद नाही, पुढच्या खात्याची बोली नाही. भांडणाचे कारण जनतेचे होते आणि किंमत त्यांनी स्वतः मोजली. दमदाटीत नेमके याच्या उलट असते. कारण स्वतःचे असते आणि किंमत जनता मोजते. बंडखोर आणि दादा यांच्यातला फरक ओळखायला यापेक्षा मोठा ग्रंथ लागत नाही.

आता थोडे घरात पाहू. वरचे सारे वाचून कित्येकांना बरे वाटले असेल. राष्ट्रीय पक्षांचे काय ते, आपण समितीचे निष्ठावंत! मग आपल्या निष्ठेचाही ताळेबंद मांडू. २०१३ मध्ये महाराष्ट्र एकीकरण समितीचे दोन आमदार निवडून आले, बेळगाव दक्षिणमधून संभाजी पाटील आणि खानापुरातून अरविंद पाटील. २०१८ मध्ये त्याच खानापुरात समितीच्या नावाने अरविंद पाटील आणि विलास बेळगावकर असे दोघे उभे राहिले. दोघेही पडले, काँग्रेसच्या अंजली निंबाळकर निवडून आल्या आणि विधानसभेत समितीची पाटी कोरी राहिली. २०२३ मध्येही कोरीच राहिली. मते नव्हती म्हणून असे झाले काय? २०२१ च्या लोकसभा पोटनिवडणुकीत शुभम शेळके या तरुण उमेदवाराला १ लाख १७ हजार १७४ मते पडली. म्हणजे माणसे आहेत, मने आहेत, फक्त आपला "गट" आपल्याला सीमाप्रश्नापेक्षा प्यारा आहे. बैठकीत एकाने टेबलावर हात आपटला की त्याच्या बाजूचे दहाजण खूश, दुसरा सभात्याग करून उठला की त्याच्या बाजूचे दहाजण खूश. गोकाकच्या गुलालात आणि आपल्या या खुशीत फरक किती?

आमच्या शाळेतला एक प्रसंग सांगतो. कबड्डीच्या संघाचा कप्तान सामन्याच्या आदल्या दिवशी चिडला आणि संघाचे बनियन घेऊन घरी गेला. कारण काय, तर पहिली चढाई दुसऱ्याला दिली. वर्गातली निम्मी पोरे त्याच्यामागे गेली. "सर, त्यो कुणाचं ऐकत नाही," हे ती कौतुकाने सांगत होती. मी विचारले, "उद्या खेळणार कोण?" कुणी बोलले नाही. मी त्या मुलाला रागावलो, पण मागे गेलेल्यांना जास्त रागावलो. एकटा गेला असता तर संध्याकाळी परत आला असता. मागे पोरे आहेत म्हटल्यावर तो परतेल कशाला?

आपल्या पुढाऱ्यांचे यापेक्षा वेगळे नाही. आणि खेळ इथे बनियनचा नाही. जिथे भाषिक अल्पसंख्य पंधरा टक्क्यांहून अधिक आहेत, तिथे सरकारी कागद त्यांच्या भाषेतही मिळावेत, हे फार पूर्वी ठरलेले आहे. प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे याची सोय राज्याने करावी, असे घटनेचे ३५० अ हे कलम सांगते. सातबाराचा उतारा, शाळेचा शिक्षक, ग्रामपंचायतीची नोटीस, या गोष्टी मागायला विधानसभेत आपल्या भाषेचा आवाज लागतो. तो आवाज आपणच गटागटांत वाटून बंद केला. १७ जानेवारीला आणि १ जूनला आपण हुतात्म्यांना फुले वाहतो. त्या फुलांना हात लावण्यापूर्वी एवढे तरी मनाशी कबूल करावे.

मग करायचे काय? मास्तर आहे, गृहपाठ दिल्याशिवाय सोडणार नाही. यापुढे कुठलाही पुढारी, कुठल्याही पक्षाचा किंवा समितीचा, आपल्याच लोकांवर गरजला की टाळी वाजवण्याआधी तीन प्रश्न विचारावेत. भांडण कशावरून आहे, आमच्या कामावरून की त्याच्या खुर्चीवरून? भांडताना त्याने स्वतःचे काय सोडले? आणि भांडण मिटल्यावर कुणाला काय मिळाले? तिन्ही उत्तरे आपल्या बाजूची आली तर खुशाल खांद्यावर घ्या, मीही पाठीला खांदा लावीन. नाही आली तर निदान हात खिशात ठेवा.

तीन प्रश्नांनी क्रांती होत नाही हे मला ठाऊक आहे. पण सांबऱ्याच्या रस्त्यावर एखाद्या दिवशी गाडी थांबावी, काच खाली यावी, आणि बाहेर हार घेऊन उभ्या असलेल्या माणसाने हार पुढे न करता आधी विचारावे, "साहेब, पूर आला तेव्हा आपण कुठे होता?" एवढे पाहायला मिळाले तरी निवृत्तीनंतरची माझी दिवाळी गोड होईल.