सूर्याच्या देवळातली रुई

नवग्रहांची देवळे पाहायला तमिळनाडूतल्या कुंभकोणमला जाणाऱ्या मराठी मंडळींचा एक ठरलेला क्रम असतो. पहाटे निघायचे, एका दिवसात नऊ देवळे उरकायची आणि रात्री परत शहरात मुक्कामाला यायचे. या धावपळीत सूर्यनार कोविलला, म्हणजे सूर्याच्या देवळाला, फार तर अर्धा तास मिळतो. माझी विनंती आहे की तिथे थोडे जास्त थांबावे आणि सूर्याबरोबर त्याच्या झाडाचेही दर्शन घ्यावे. तमिळ मुलखात जुन्या देवळाला स्वतःचा स्थलवृक्ष, म्हणजे त्या जागेचे पवित्र झाड, असते. तिरुविडैमरुदूरला अर्जुन आहे, खुद्द कुंभकोणमच्या आदि कुंभेश्वराला शमी आहे. सूर्यनार कोविलचा स्थलवृक्ष आहे पांढरी रुई. गुरे सहसा जिला तोंड लावत नाहीत, जिचा चीक डोळ्यात गेला तर दृष्टीवर बेतते, ती रुई.

जवळच्या तिरुमंगलक्कुडीच्या देवळात तिचे आणखी एक रूप दिसते. कथा अशी की कुष्ठाचा शाप लागलेल्या ग्रहांनी इथल्या रुईच्या वनात तप केले, आणि रुईच्या पानावर वाढलेला दहीभात एवढाच त्यांचा आहार होता. आजही इथे रविवारी रुईच्या पानावर दहीभाताचा नैवेद्य दाखवतात. पानातला अंश भातात उतरतो आणि त्वचेचा रोग जातो, अशी भाविकांची श्रद्धा आहे. हा प्रयोग घरी मुळीच करू नये, हे आधीच स्पष्ट सांगतो. मला महत्त्वाचे वाटते ते त्याभोवतीचे कुंपण: वार ठरलेला, जागा ठरलेली, पान ठरलेले. विष जवळ ठेवायचे तर मर्यादा घालून ठेवायचे, हे शहाणपण या रिवाजात आहे.

आपल्याकडे शनिवारी मारुतीला रुईच्या पानांची माळ घालतात, रथसप्तमीला रुईची पाने लागतात, मंदाराच्या, म्हणजे पांढऱ्या रुईच्या, मुळाचा गणपती पुजतात. तमिळनाडूत विनायक चतुर्थीला फुलवाल्यांकडे रुईच्या फुलांच्या माळा येतात. फूल हातात घेऊन नीट पाहा. पाच जाडसर, मेणासारख्या पाकळ्या आणि मधोमध पाच कोनांचा मुकुट. या मुकुटाच्या फटींत परागकण सुटे नसतात. त्यांच्या दोन-दोन पिवळ्या पिशव्या एका बारीक चिमट्याला टांगलेल्या असतात. मोठा काळा भुंगा मधासाठी फुलावर बसला की त्याचा पाय फटीत अडकतो, आणि तो सोडवताना चिमटा पिशव्यांसकट पायाला लागून बाहेर येतो. लहान माशीत तेवढा जोर नसतो. म्हणून रुईचे काम चालते ते भुंग्यांच्या जिवावर.

देठ मोडला की पांढरा चीक भळाभळा येतो. हृदयाची गती बिघडवणारी द्रव्ये त्यात असतात. प्लेन टायगर फुलपाखराच्या अळ्या हीच पाने खाऊन वाढतात आणि ते विष अंगात साठवतात. पक्षी मग त्या फुलपाखराच्या वाटेला जात नाहीत. माणसाच्या डोळ्यात चीक गेला तर सुरुवातीला फारसे दुखतही नाही, म्हणून लोक दुर्लक्ष करतात आणि काही तासांनी समोरचे धूसर दिसू लागते. माळेसाठी पाने तोडणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. चीक लागलेला हात डोळ्याला लावू नये. डोळ्यात गेलाच तर भरपूर पाण्याने डोळा धुवावा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.

भावप्रकाशात सात उपविषे सांगितली आहेत: रुई, निवडुंग, धोत्रा, कळलावी, कण्हेर, गुंज आणि अफू. अफू सोडली तर बाकीची सहा कावेरीच्या या खोऱ्यात बांधांवर, कुंपणात आणि देवळांच्या आवारात भेटतात. धोत्रा शंकराचा, तांबडी कण्हेर देवीची, गुंज सोनाराच्या तराजूतली. वैद्यांनी त्यांना टाकले नाही. शोधन करून, मात्रा बांधून वापरले. कुंभकोणमपासून चाळीसेक किलोमीटरवरच्या तंजावरात आपल्या मराठी राजाने, दुसऱ्या सरफोजींनी (कारकीर्द १७९८ ते १८३२) धन्वंतरी महाल उभारला. तिथे आयुर्वेद, सिद्ध, युनानी आणि पाश्चात्त्य वैद्यक एकत्र अभ्यासले जाई, रोग्यांच्या नोंदी ठेवल्या जात आणि औषधी वनस्पतींची रंगीत चित्रे काढून घेतली जात. झाड आधी बिनचूक ओळखता आले पाहिजे, मग त्याचे औषध करता येते. चित्रकाराला पगार देऊन वनस्पती रंगवून घेण्यामागची ही दृष्टी मला फार मोलाची वाटते.

हे ज्ञान आपोआप माणसाला चांगले करत नाही, हेही मान्य केले पाहिजे. १९८० च्या दशकात मदुराईजवळच्या उसिलमपट्टी भागातून नवजात मुलींना मारल्याच्या बातम्या देशभर पोचल्या, आणि त्यात रुईच्या चिकाचा उल्लेख होता. झाड तेच होते. पण तिथे मर्यादा घालणारे कोणी नव्हते, आणि मुलीला ओझे मानणाऱ्या समाजाने त्या झाडाला हत्यार केले. दोष झाडाला देऊन रुई उपटल्याने एकही मुलगी वाचली नसती.

झाडे ओळखायची तर त्यांची नावेही टिकली पाहिजेत. कुंभकोणमच्या कावेरीकाठच्या सरकारी कॉलेजात १८८० पासून दोन दशकांहून अधिक काळ उ. वे. स्वामिनाथ अय्यर तमिळ शिकवत होते. ताडपत्रांतले संगमकालीन, म्हणजे प्राचीन तमिळ, साहित्य शोधून छापण्यात त्यांनी आयुष्य वेचले. १८८९ मध्ये त्यांनी ‘पत्तुप्पाट्टु’ हा काव्यसंग्रह प्रसिद्ध केला. त्यातल्या कपिलर कवीच्या ‘कुरिंजिप्पाट्टु’त नव्याण्णव फुलांची यादी आहे, आणि हाती आलेल्या पोथ्यांत नेमका त्या यादीचा काही भाग गळालेला होता. अय्यर मायिलाडुदुरैजवळच्या धर्मपुरम मठात गेले, तिथली सुटी ताडपत्रे उपसत बसले आणि हरवलेल्या ओळी शोधूनच उठले. काही फुलांची नावे राहून गेली असती तर तेव्हा किती जणांच्या लक्षात आले असते? तरीही त्यांनी ती सोडली नाहीत.

त्या यादीची सुरुवात होते सेंगांदळने, म्हणजे आपल्या कळलावीने. पुढे लाल चित्रक आहे, तोही जहालच. कळलावीचे फूल आधी खाली मान घालून उमलते. मग सहा पाकळ्या मागे वळून वर उभ्या राहतात, त्यांच्या कडा नागमोडी होतात, आणि हिरवट पिवळा रंग दिवसागणिक चढत लालभडक होतो. पानाचे टोक तंतूसारखे वळते आणि शेजारच्या फांदीला धरून वेल वर चढतो. फुलाच्या कुक्षीचा, म्हणजे पराग झेलणाऱ्या टोकाचा, दांडा बुडाशीच काटकोनात वळून आडवा बाहेर जातो, त्यामुळे स्वतःचे पराग कुक्षीला सहज मिळत नाहीत. अरियलूर, तिरुप्पूर, दिंडिगल या जिल्ह्यांत आणि वेदारण्यमच्या वाळूत या वेलाची शेती होते. तिथे सकाळी मजूर ओळीतून फिरत एकेका फुलाचे पराग हाताने कुक्षीला लावतात. हे काम किचकट, पण त्यावाचून शेंग भरत नाही.

ही सगळी मेहनत बियांसाठी असते. बियांत कोल्चिसीन असते. पेशींचे विभाजन थांबवणारे हे द्रव्य गाऊटच्या दुखण्यावर अगदी थोड्या मात्रेत औषध आहे, आणि जास्त पोटात गेले तर उलट्या-जुलाबांपासून सुरू होऊन एकेक अवयव निकामी करते. त्यावर उतारा नाही. कंद रताळ्यासारखा दिसतो, म्हणून घात होतो. लहान मुले असलेल्या घरी हे माहीत असलेच पाहिजे. कोणी चुकून खाल्ले तर वेळ न घालवता दवाखाना गाठायचा आणि झाडाचा तुकडा बरोबर न्यायचा, म्हणजे डॉक्टरांना कशाचे विष ते कळते.

कळलावी तमिळनाडूचे राज्यफूल आहे. शेतात तिला भाव आहे, सरकारी कागदावर मान आहे, पण रानात ती विरळ होत चालली आहे. वर्षानुवर्षे औषधासाठी आणि लागवडीसाठी रानातले कंद खणून नेले गेले. उरलेली जिथे कुंपणात आणि बांधावर होती, तिथे आता सिमेंटची भिंत येते नाहीतर तणनाशकाचा फवारा. कुंभकोणमच्या आसपास जुने काटेरी कुंपण जिथे टिकले आहे तिथेच ती शोधावी लागते. रुईला देवळाने हात दिला, कळलावीला तसा कुणाचा आधार नाही. आपल्याकडेही तीच गत आहे. पावसाळ्यात सह्याद्रीच्या पायथ्याशी करवंदीच्या जाळीतून डोकावणारी कळलावी घराजवळ दिसली की ‘विषारी आहे, काढून टाका’ हाच पहिला सल्ला मिळतो.

यावर केरळातले एक उदाहरण मला पटते. मे २०२४ मध्ये कण्हेरीच्या विषबाधेची चर्चा झाल्यावर त्रावणकोर देवस्वम मंडळाने नैवेद्यात आणि प्रसादात कण्हेर वापरणे बंद केले, पण पूजेतून ती हद्दपार केली नाही. धोका जिथे होता तिथेच रेघ ओढली. झाडे सरसकट तोडायचा फतवा काढणे सोपे होते, तो मार्ग त्यांनी घेतला नाही.

आपणही एवढे करू शकतो. शाळेच्या कुंपणातल्या विषारी झाडांच्या नावांच्या पाट्या लावाव्यात आणि मुलांना ती झाडे हात न लावता ओळखायला शिकवावे. ग्रामपंचायतीने रस्ता रुंद करताना बांधावरची कळलावी दिसली तर तिचे कंद उचलून गावच्या देवराईत लावावेत, आणि ते काम जाणत्या माणसाकडून हातमोजे घालून करून घ्यावे. ज्यांच्याकडे शेत आहे त्यांनी कुंपणाचा एक कोपरा तणनाशकाविना राखावा. मुलांना धोका असतो तो न ओळखलेल्या झाडाचा, आणि कळलावीला धोका आहे तो तिला न ओळखणाऱ्या माणसांचा. ओळख करून दिली तर दोघेही वाचतात. येत्या पावसाळ्यात आपल्या गावात ही ओळख करून देण्याची जबाबदारी एखाद्या शिक्षकाने, एखाद्या वैद्याने किंवा एखाद्या आजीने अंगावर घ्यावी, एवढेच माझे मागणे आहे.