आकडा ओहमचा, हिशेब व्होल्टचा

गणपती दोन महिन्यांवर आले की गावोगावच्या छोट्या स्टुडिओंत तारखा मिळेनाशा होतात. मंडळांची गाणी, नव्या चालींच्या आरत्या, एखाद्या बुवांचा अभंगांचा अल्बम, सगळे एकदम उभे राहते. याच सुमारास नवी खरेदी होते आणि आमचा फोन वाजू लागतो. यंदाची तक्रार अशी: "साहेब, सगळ्यांनी सांगितलं म्हणून २५० ओहमचा हेडफोन घेतला. इंटरफेसचं बटण शेवटपर्यंत फिरवलं, तरी गायक म्हणतो ऐकूच येत नाही. पीस खराब आला का?"

पीस ठणठणीत होता. तो जिथे खोचला होता, त्या हेडफोन आउटची चौकशी कोणी केली नव्हती.

"८०पेक्षा २५० बरा, २५०पेक्षा ६०० बरा" हे वाक्य आपल्या धंद्यात इतक्यांदा बोलले जाते की ते नियमासारखे वाटू लागले आहे. नव्या मुलांना ते आपणच, म्हणजे या व्यवसायात केस पांढरे केलेल्यांनीच, शिकवले. म्हणून त्याची उलटतपासणीही आपणच करायला हवी.

मोठ्या इम्पीडन्सचा मान आला कुठून? क्रिस्टल रेडिओच्या काळात बॅटरी नसायची. एरियलने पकडलेल्या तेवढ्या ऊर्जेवर कानातला पडदा हलवायचा, म्हणून २००० ओहमचे हेडफोन लागत. पुढे टेलिफोनच्या तारांकडून ६०० ओहमचे माप स्टुडिओंत आले. आकाशवाणीच्या लाइनसुद्धा त्याच मापाच्या. व्हॉल्व्हच्या ॲम्पला करंट देणे जड, व्होल्टेज देणे सोपे. शिवाय एका आउटपुटवर दहा जणांचे हेडफोन समांतर लावायचे झाले, तर ६०० ओहमचे दहा मिळून ६० ओहम होतात आणि ॲम्प ते ओझे उचलतो. ३२ ओहमचे दहा लावले तर जेमतेम ३ ओहम उरतात, आणि ॲम्प गुडघे टेकतो. सेनहायझरचा १९६८चा एचडी ४१४ हा उघड्या पाठीचा पहिला हेडफोन २००० ओहमचा होता, तो त्या काळच्या यंत्रांना जुळणारा म्हणून. एकेजीचा के २४० एकेकाळी ६०० ओहमचा मिळे. आज त्याच नावाचा स्टुडिओ हेडफोन ५५ ओहमचा आहे.

बारीक तारेचा एक फायदा खरा आहे. व्हॉइस कॉइल पातळ तारेच्या जास्त वेढ्यांची केली की ती हलकी आणि घट्ट गुंडाळता येते, आणि हलकी कॉइल पडद्याला चपळ ठेवते. पण कानाला जाणवणारा फरक पाडतात त्या दुसऱ्याच गोष्टी: पाठ बंद आहे की उघडी, गादी मखमली आहे की रेक्झिनची, ती किती दबली आहे, आतले डॅम्पिंग कसे आहे. बायरडायनॅमिकचा डीटी ७७० प्रो वर्षानुवर्षे ३२, ८० आणि २५० ओहममध्ये मिळतो, आणि आपल्याकडच्या वादांचे मूळ बहुधा हाच हेडफोन. त्याच कंपनीने २०२१मध्ये डीटी ९०० प्रो एक्स ४८ ओहमचा काढला. २०२४मध्ये शंभरी साजरी करताना डीटी ७७०ची जी खास आवृत्ती आणली, तीही ४८ ओहमचीच. मोठा आकडा म्हणजेच चांगला आवाज असता, तर शंभराव्या वाढदिवसाला कंपनीने तो खाली आणला नसता.

आता हिशेब. डीटी ७७०ची संवेदनशीलता १ मिलिवॅटला ९६ डेसिबल आहे. गाण्यातले क्षणिक उंचवटे ११० डेसिबलपर्यंत स्वच्छ यावेत असे धरले, तर वर १४ डेसिबल लागतात, म्हणजे सुमारे २५ मिलिवॅट. ही शक्ती तिन्ही आवृत्त्यांना जवळपास सारखीच लागते. बदलते ती ती पोचवण्याची रीत. ३२ ओहमला ०.९ व्होल्ट आणि २८ मिलिअँपिअर लागतात, ८० ओहमला १.४ व्होल्ट आणि १८ मिलिअँपिअर, २५० ओहमला २.५ व्होल्ट आणि फक्त १० मिलिअँपिअर. ६०० ओहमचा असाच हेडफोन असेल तर व्होल्ट ३.९वर जातात. टाकी आणि नळाच्या भाषेत सांगायचे तर मोठ्या इम्पीडन्सला पाणी थोडे पुरते, पण टाकी उंचावर लागते.

आपल्या छोट्या स्टुडिओंत कमी पडते ती हीच उंची. मोबाइलला लावायच्या साध्या डोंगलमधून साधारण १ व्होल्ट मिळतो. यूएसबीच्या ५ व्होल्टवर चालणाऱ्या इंटरफेसमध्ये व्होल्टेज चढवणारे सर्किट नसेल, तर साध्या हेडफोन आउटला कागदावरसुद्धा १.७७ व्होल्टच्या वर जाता येत नाही. २५० ओहमवर त्याचे १०७ डेसिबल होतात. ऐकायला हे भरपूर वाटते, आणि बाजारातले तयार गाणे ऐकायला ते भरपूर आहेही. पण आपण तयार गाणे ऐकत नसतो. कच्च्या ट्रॅकवर आपण शहाणपणाने १२ डेसिबल जागा सोडलेली असते, त्यामुळे उंचवटेच ९५वर येतात आणि सरासरी त्याहून बरीच खाली राहते. वर बूथमधला गायक स्वतः पूर्ण गळ्याने गात असतो. त्याचा आवाज हाडांतून थेट त्याच्या कानात पोचतो आणि पेटी-तबल्याचा ट्रॅक गिळून टाकतो. फोनवरच्या त्या वाचकाच्या तक्रारीचे उत्तर एवढेच आहे.

उलट टोकाचेही एक उदाहरण ध्यानात ठेवावे. हायफायमॅनचा एचई-६ फक्त ५० ओहमचा, पण संवेदनशीलता १ मिलिवॅटला ८३.५ डेसिबल. त्याच ११० डेसिबलसाठी त्याला सुमारे ४.७ व्होल्ट आणि ९५ मिलिअँपिअर दोन्ही लागतात. खोक्यावरचा ओहमचा आकडा वाचून ज्याने तो "सोपा" ठरवला, त्याचा ॲम्प पहिल्याच गाण्यात हात टेकतो. म्हणून ओहम आणि संवेदनशीलता हे दोन आकडे नेहमी जोडीने वाचावेत. संवेदनशीलता १ मिलिवॅटला दिली आहे की १ व्होल्टला, हेही पाहावे. दोन कंपन्यांचे आकडे शेजारी ठेवताना इथे फसगत होते.

तिसरा आकडा बहुतेकदा छापलेलाच नसतो: हेडफोन आउटचा स्वतःचा इम्पीडन्स. हेडफोनचा इम्पीडन्स सगळ्या पट्टीत सारखा नसतो. सेनहायझरचा एचडी ६५० नावाला ३०० ओहमचा, पण खर्जात, १०० हर्ट्झच्या आसपास, तो ५०० ओहमच्या घरात जातो. जुन्या आंतरराष्ट्रीय मानकाने हेडफोन आउटसाठी १२० ओहम सुचवले होते. अशा आउटवर एचडी ६५० लावला तर खर्ज सुमारे १ डेसिबलने वर येतो. हा फरक लहान आहे, ट्रान्सफॉर्मरविना चालणाऱ्या व्हॉल्व्ह ॲम्पच्या शौकिनांना तर तो आवडतोही. पण समजा, कानात घालायच्या एखाद्या छोट्या मॉनिटरचा इम्पीडन्स ८ ते ४० ओहममध्ये वरखाली होतो आणि आउटचा इम्पीडन्स १० ओहम आहे. मग एकाच गाण्यात दोन टोकांमध्ये ५ डेसिबलचा फरक पडतो. तो फरक गाण्यातच आहे असे समजून तुम्ही ईक्यू फिरवता, आणि मंडपातल्या स्पीकरवर मिक्स उघडे पडते. मोठ्या इम्पीडन्सचा आमच्या मते सर्वात पक्का गुण इथे आहे. तो कोणत्याही आउटवर आपला स्वभाव फारसा बदलत नाही. आउटचा इम्पीडन्स हेडफोनच्या एक अष्टमांशाहून कमी असावा हा ढोबळ नियम ३०० ओहमवाला जवळपास कुठेही पाळतो; १६ ओहमवाल्याला मात्र २ ओहमपर्यंतचेच आउट चालते.

हे मोजायला प्रयोगशाळा लागत नाही. लॅमिंग्टन रोडवर किंवा तपकीर गल्लीत मिळणारा ३३ ओहमचा एक रेझिस्टर आणि घरातला मल्टिमीटर पुरतो. २०० हर्ट्झचा साइन टोन लावा, कारण साधे मीटर याहून फार वरच्या पट्टीत खोटे बोलते. डाव्या चॅनेलवर मोकळे असताना एसी व्होल्ट अर्धा येईल एवढे बटण ठेवा. मग रेझिस्टर लावून पुन्हा मोजा. पहिल्या आकड्याला दुसऱ्याने भागा, एक वजा करा, ३३ने गुणा. ०.५० चे ०.४५ झाले तर आउट साडेतीन-पावणेचार ओहमचा. निम्म्यावर आले तर थेट ३३ ओहमचा. हाच मीटर दोन ॲम्पची तुलना करतानाही जवळ असू द्या. ज्याचा आवाज किंचित मोठा तो कानाला सरस वाटतो, आणि असल्या "सरस" ॲम्पवर आपल्या व्यवसायातले बरेच पैसे गेले आहेत. आधी व्होल्ट जुळवावेत, मग मत द्यावे.

खरेदीचा सल्ला मग थोडक्यात देता येतो. बूथसाठी बंद पाठीचा, ३२ ते ८० ओहमचा घ्या. क्लिक माइकमध्ये गळणार नाही आणि साधा इंटरफेसही त्याला पुरेल. मिक्सिंगसाठी २५० किंवा ३०० ओहमचा उघड्या पाठीचा जरूर घ्या, पण ३-४ व्होल्ट स्वच्छ देणाऱ्या, ओहम-दोन ओहमच्या आउटच्या ॲम्पचे पैसे त्याच अंदाजपत्रकात धरा. ते नसतील तर ८० ओहमवर थांबण्यात कमीपणा नाही. आणि चार कलाकारांना एकाच स्प्लिटरवर वेगवेगळ्या ओहमचे हेडफोन देऊ नका. सारख्याच व्होल्टेजवर ३२ ओहमवाल्याला २५०वाल्यापेक्षा जवळजवळ ९ डेसिबल जास्त मिळतात. तबलजी कान धरतो तेव्हाच गायिका "अजून वाढवा" म्हणत असते.

ताकदवान ॲम्प आला की एक जबाबदारीही येते. ११० डेसिबल हे क्षणिक उंचवट्यांसाठी राखलेले अंतर आहे, ऐकण्याची पातळी नव्हे. अमेरिकेच्या नायॉश या संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबलला आठ तास ही मर्यादा आहे, आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. ९४ डेसिबलला एकच तास उरतो. गणपतीच्या आधीच्या रात्री आपण किती तास हेडफोन लावून बसतो, हे ज्याचे त्याने मोजावे.

या अंकापासून आमच्या परीक्षणांत प्रत्येक हेडफोन आउटचे तीन आकडे छापले जातील: ३२ ओहमवर किती व्होल्ट, ३०० ओहमवर किती व्होल्ट, आणि आउटचा स्वतःचा इम्पीडन्स. खोक्यावर "शक्तिशाली हेडफोन ॲम्प" एवढेच लिहिणाऱ्या विक्रेत्यांना तुम्हीही हे तीन प्रश्न विचारा. चार दुकानांत चार गिऱ्हाइकांनी विचारले की आकडे छापले जाऊ लागतात.

फोन करणाऱ्या वाचकाला आम्ही एवढेच सांगितले, की हेडफोन परत करू नका, रेझिस्टर आणा. दुसऱ्या दिवशी त्यांचा निरोप आला. आउट २२ ओहमचा निघाला आणि पूर्ण उघडूनही दीड व्होल्टच्या पुढे जात नव्हता. २५० ओहमचा त्यांनी मिक्सच्या टेबलावर ठेवला आहे, ॲम्पसाठी पैसे जमेपर्यंत. बूथमध्ये त्यांचा जुना ३२ ओहमवाला परत गेला, आणि आरती त्यावरच पूर्ण झाली.