पोटदुखीआडची भीती

लहान मुलाला ‘भीती वाटते’ असे सांगणे जमतेच असे नाही. ते ‘पोट दुखते’ म्हणते. तपासणीत काही आढळले नाही, की घरात तो बहाणा ठरतो. प्राथमिक शाळेतील समुपदेशकाचे कार्य येथेच सुरू होते. चित्रे, बाहुल्या व खेळ यांच्या साहाय्याने तो मुलास भावनेला नाव द्यावयास शिकवितो. रुसवा मिटविण्याचा, नकार पचविण्याचा सराव लहान गटांत करून घेतो. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही समुपदेशकांनी विद्यार्थ्यांसह पालकांबरोबर सातत्याने काम करावे, असे म्हटले आहे. मात्र त्यांचे बोलावणे म्हणजे कुळाला बट्टा मानून काही घरे आजारपण, वाटणी वा व्यापारातील खोट लपवितात. एक नोंद दडविली, तर खतावणीचा मेळ बसत नाही. मुलाच्या मनाचा तरी कसा बसावा?