कॅमेरा कुणाच्या हाती?

आमच्या सल्ला केंद्रात आलेली बाई आधी पदराने गाल झाकते. म्हणते, 'मोरीत पाय घसरला.' अशा वेळी मला नॅन गोल्डिन या अमेरिकन छायाचित्रकर्तीने १९८४ साली घेतलेलं स्वतःचं छायाचित्र आठवतं. जोडीदाराच्या मारहाणीला महिना झालेला. डोळा रक्ताळलेला, ओठांवर लालभडक लिपस्टिक, नजर थेट आपल्यावर. बॉस्टन-न्यूयॉर्कमधले, समाजाने ओवाळून टाकलेले मित्रमैत्रिणीही तिने टिपले, त्यांच्यातलीच एक होऊन. १९८६च्या 'द बॅलड ऑफ सेक्शुअल डिपेंडन्सी' या पुस्तकात ते छायाचित्र आलं.

आपल्या पोस्टरवरची बाई मात्र गुडघ्यांत तोंड खुपसूनच बसलेली. ते चित्र आपणच काढलं, तिला न विचारता. काय झाकायचं, काय दाखवायचं, हे तिनेच ठरवायला नको का?