विश्लेषण : ओल्या कचऱ्याचा वायू पडद्यातून गाळताना काय बिघडते?

उत्तनच्या धावगी डोंगरावरील कचरा आणि तिथे लागणाऱ्या आगी मीरा-भाईंदरला नव्या नाहीत. 2011 च्या जनगणनेतच 8 लाख 9 हजारांवर पोहोचलेल्या या शहराचा ओला कचरा उघड्यावर न कुजवता बंद टाकीत कुजवावा आणि त्याचा वायू इंधन म्हणून वापरावा, हा पर्याय म्हणूनच आकर्षक वाटतो. मात्र टाकीतून निघालेला वायू थेट वाहनात भरता येत नाही. त्याआधी त्यातला कार्बन डायऑक्साइड काढावा लागतो, आणि त्यासाठी पॉलिमरच्या पडद्यांचा, म्हणजे मेम्ब्रेनचा, वापर वाढतो आहे.

किती वायू काढावा लागतो?

कच्च्या बायोगॅसमध्ये ढोबळमानाने 60 टक्के मिथेन आणि 40 टक्के कार्बन डायऑक्साइड असतो. आयएस 16087 या भारतीय मानकानुसार इंधनात मिथेन किमान 90 टक्के हवा आणि कार्बन डायऑक्साइड 4 टक्क्यांवर चालत नाही. म्हणजे 100 घनमीटर कच्च्या वायूतून सुमारे 37.5 घनमीटर कार्बन डायऑक्साइड बाहेर काढायचा.

पडदा म्हणजे चाळणी का?

पूर्णपणे नाही. रबरी फुग्यातून कार्बन डायऑक्साइड इतर वायूंपेक्षा लवकर निसटतो, हे फिलाडेल्फियाचे डॉ. जॉन मिचेल यांनी 1831 मध्येच नोंदवले होते. वायू आधी पॉलिमरमध्ये विरघळतो, मग साखळ्यांमधल्या फटींतून पलीकडे सरकतो, हे नंतर थॉमस ग्रॅहम यांनी 1866 मध्ये मांडले. कार्बन डायऑक्साइड दोन्ही बाबतींत पुढे आहे. तो पॉलिमरमध्ये अधिक विरघळतो आणि त्याचा रेणूही बारीक : 0.33 नॅनोमीटर, तर मिथेनचा 0.38. सेल्युलोज अ‍ॅसिटेट किंवा पॉलिइमाइडचे हजारो पोकळ तंतू एका नळकांड्यात बसवून दाबाने वायू सोडला की कार्बन डायऑक्साइड तंतूंच्या भिंतीतून निघून जातो, मिथेन मागे राहतो.

मग अडचण कुठे?

जो वायू वेगळा करायचा, तोच पडद्याला सैल करतो. दाब वाढला की कार्बन डायऑक्साइड पॉलिमरमध्ये इतका मुरतो की साखळ्या फुगतात, हलू लागतात आणि मिथेनलाही वाट मिळते. सेल्युलोज अ‍ॅसिटेट प्रयोगशाळेत, शुद्ध वायूंवर तपासले तर कार्बन डायऑक्साइडला मिथेनच्या 30 पट वा अधिक वाट देते. नैसर्गिक वायूच्या प्रत्यक्ष प्रकल्पात हा आकडा 12 ते 15 वर येतो. विक्रेत्याच्या माहितीपत्रकात बहुधा पहिलाच आकडा असतो, हे सांगायला नको.

बायोगॅस प्रकल्पात दाब तुलनेने कमी असल्याने फुगण्याचा त्रासही कमी. इथला खरा शत्रू वेगळा आहे : ओलावा, हायड्रोजन सल्फाइड, अमोनिया. हे आधीच्या टप्प्यात नीट काढले नाहीत तर महागडे तंतू वेळेआधी निकामी होतात. कचऱ्याचे वर्गीकरण न करता सगळे एकत्र टाकीत ढकलले तर वायूचे प्रमाण रोज बदलते आणि पडदा ज्या मिश्रणासाठी निवडला ते मिश्रण त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही. त्यामुळे पडद्याचे आयुष्य बरेचसे सोसायट्यांच्या कचरापेटीतच ठरते.

महापालिकांनी निविदेत काय मागावे?

शुद्ध वायूवरचा नव्हे, दमट मिश्र वायूवरचा, महिनोन्महिने चाललेल्या यंत्राचा आकडा. आणि मिथेनची गळती किती, याचे उत्तर. एकाच टप्प्याच्या यंत्रणेत बाहेर सोडलेल्या वायूबरोबर बराच मिथेन जातो; तीन टप्प्यांत तो एक टक्क्याच्या आत आणता येतो. मिथेन 100 वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 28 पट तापमानवाढ करतो. स्वस्त निविदेत 100 घनमीटर कच्च्या वायूमागे 3 घनमीटर मिथेन आकाशात गेला, तर मिथेनचा वीसावा हिस्सा गेला. तो इंधन म्हणून विकता आला असता, हा तोटा वेगळाच.