विश्लेषण : भुयारांचे नकाशे देखणे झाले, पण खेळायला सोपे झाले का?

दगडी फरशीवर साचलेली पाण्याची डबकी, भिंतीवरच्या मशालींचा पिवळा उजेड, कोपऱ्यात विखुरलेली हाडे... ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’सारख्या भूमिकाप्रधान खेळांसाठी संगणकावर तयार होणारे भुयारांचे नकाशे आज एखाद्या चित्रपटाच्या सेटला लाजवतील असे असतात. पण खेळ सुरू झाला की खेळाडू पहिला प्रश्न विचारतात, ‘यात दार कुठे आहे?’ नकाशा सुधारणे म्हणजे चित्र अधिक खरे करणे, असे समजले जात असल्याने ही वेळ आली आहे.

नकाशा लागतोच कशाला?

हा खेळ गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन या अमेरिकी जोडीचा. तो १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. कोणी योद्धा होतो, कोणी चोर, कोणी मांत्रिक. एक जण ‘डंजन मास्टर’, म्हणजे खेळ चालवणारा. समोर काय दिसते ते तो सांगतो, काय करायचे ते खेळाडू ठरवतात आणि ते जमले की नाही याचा निकाल बहुतेक वेळा फासे देतात. ‘डंजन’चा शब्दकोशातला अर्थ अंधारकोठडी असला तरी खेळात ते खोल्या, बोळ, जिने आणि सापळे यांचे जमिनीखालचे जाळे असते. देवगिरी किल्ल्यातील ‘अंधारी’तून मोबाइलचा टॉर्च न लावता चाललेल्यांना त्याची कल्पना लगेच येईल.

सुरुवातीच्या काळात पूर्ण नकाशा फक्त डंजन मास्टरकडे, ग्राफ पेपरवर पेन्सिलीने काढलेला असे. खेळाडूंपैकी एकाकडे ‘मॅपर’चे काम असे. ‘बोळ तीस फूट सरळ, मग डावीकडे वळतो’ हे ऐकत तो स्वतःच्या कागदावर नकाशा उमटवत जाई. त्याच्या हातून एक चौकोन चुकला, की सगळी टोळी वाट चुके.

संगणकाने काय बदलले?

‘रोल२०’ २०१२ मध्ये आले, ‘फाउंड्री’ २०२० मध्ये. अशा प्रणालींना ‘व्हर्च्युअल टेबलटॉप’ म्हणतात. नकाशाचे चित्र पडद्यावर चढवायचे, त्यावर पात्रांच्या सोंगट्या ठेवायच्या. एक चौकोन म्हणजे साधारण पाच फूट. भिंतींच्या रेषा भरून ठेवल्या, की कोपऱ्यापलीकडचे कोणाला दिसेल आणि कोणाला नाही, हे सॉफ्टवेअर ठरवते. नियमांनुसार मशालीचा उजेड वीस फूट लख्ख आणि पुढे वीस फूट अंधूक पडतो, म्हणजे एकूण आठ चौकोन. तेवढेच दिसते, बाकी काळोख. वेगवेगळ्या शहरांत विखुरलेल्या मित्रांसाठी ही सोय मोठीच आहे.

मग अडते कुठे?

आधी डोळ्यांपाशी. वरून पाहिलेले दार म्हणजे भिंतीतली एक बारीक आडवी पट्टी. तपकिरी लाकडाची ही पट्टी तपकिरी दगडात, मशालीच्या तपकिरी उजेडात काढली, तर ती सापडणार कशी? चित्रकाराने ती २७ इंची मॉनिटरवर काढलेली असते. सहा इंचांच्या मोबाइलवर ती दिसेनाशी होते. ‘डायसन लोगोज’ या नावाने काम करणाऱ्या नकाशाकाराचे नकाशे इथे पाहण्यासारखे आहेत. पांढरी जमीन, काळी भिंत आणि भिंतीबाहेर आडव्या-तिरक्या रेघोट्या, एवढेच. खोली कुठे संपते आणि दार कुठे आहे, हे त्यात एका नजरेत कळते. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या प्रकाशकांनाही अधिकृत पुस्तकांत हे साधे काळे-पांढरे नकाशे घ्यावेसे वाटले, यात नवल नाही.

दुसरी अडचण मेमरीची. ती सहसा नकाशा विकणाऱ्याच्या लक्षात येत नाही आणि विकत घेणाऱ्याला भोवते. तीस बाय तीस चौकोनांचा नकाशा घ्या. प्रत्येक चौकोनाला १४० पिक्सेल दिले, तर चित्र होते ४,२०० बाय ४,२०० पिक्सेलचे. फाइल भले काही एमबीचीच असेल, पण पडद्यावर दाखवण्यासाठी ती उलगडली जाते तेव्हा प्रत्येक पिक्सेलला चार बाइट लागतात. हिशेब जातो सुमारे ७० एमबीवर. चौकोनाला ७० पिक्सेल दिले तर तोच आकडा १८ एमबीच्या आत राहतो. ‘वेबपी’सारख्या स्वरूपात चित्र साठवले तर डाउनलोड हलके होते, मेमरीतला भार मात्र तेवढाच राहतो. गटातल्या ज्याच्याकडे साधा फोन आहे, त्याचा खेळ इथेच अडकतो. हाडांवरची धूळ दिसावी म्हणून एका मित्राला खेळाबाहेर बसवण्याइतकी ती धूळ मोलाची नाही.

शिवाय अनेक नकाशे निव्वळ चित्र म्हणून मिळतात. चौकोनांच्या रेषा चित्रातच छापलेल्या, त्यावर सॉफ्टवेअरच्या रेषा येतात आणि दोन्ही जुळत नाहीत. खोल्यांचे क्रमांक आणि गुप्त दाराची खूणही चित्रातच असेल, तर तो नकाशा खेळाडूंना दाखवताच येत नाही. मग डंजन मास्टर शनिवारची अख्खी संध्याकाळ एकेक भिंत माउसने गिरवत बसतो. वास्तविक ‘डंजनड्राफ्ट’सारखी अॅप चित्रासोबत भिंती, दारे आणि दिव्यांची माहितीही एकाच फाइलमध्ये देऊ शकतात. ती फाइल आणि चौकोन-क्रमांकांविना कोरी प्रत, या दोन गोष्टी नकाशाबरोबर मिळायलाच हव्यात.

चित्राआधी आराखडा

तरीही यातले सगळे दुरुस्त केले आणि भुयार एकरेषीय असले, तर हाती काहीच लागत नाही. एक खोली, एक बोळ, दुसरी खोली, शेवटी राक्षस. यात खेळाडूंनी ठरवायचे काय? १९७९ मध्ये जेनेल जॅक्वेज यांनी रचलेले ‘केव्हर्न्स ऑफ थ्रेशिया’ हे भुयार आजही अभ्यासले जाते ते याच कारणाने. आत शिरायला एकापेक्षा अधिक वाटा, मजल्यांना जोडणारे अनेक मार्ग, फिरून पुन्हा पहिल्या जागी आणणारे बोळ. राक्षसाच्या समोर जायचे की वळसा घालून पाठीमागून, हा निर्णय खेळाडूंचा. अशा रचनेसाठी इंग्रजी खेळविश्वात जॅक्वेज यांच्या नावावरून क्रियापदच रूढ झाले. त्यांचे २०२४ मध्ये निधन झाले. त्यांच्या नकाशांत डबकी किती खरी वाटतात, हे कोणी विचारत नाही.

प्रॉम्प्ट लिहून चित्र मिळवण्याच्या सध्याच्या हौसेचा प्रश्नही इथेच येतो. एआयची चित्रे पोत झकास देतात, पण बोळ भिंतीत जाऊन संपतो, जिना कुठेच उतरत नाही आणि दोन चौकोन एका मापाचे निघत नाहीत. दिसायला नकाशा, पण त्यावरून चालता येत नाही.

वाट चुकायची कोणी?

धुके आपोआप हटू लागल्यापासून ‘मॅपर’चे काम संपले. भुयारात आता कोणी हरवत नाही. हे नुकसान छोटे नाही, कारण परतीची वाट आठवेल का, ही भीती हा या खेळाचा अर्धा जीव होता. स्वयंचलित प्रकाश बंद करता येतो, हे अनेक गटांच्या ध्यानातही नसते. लढाईच्या खोलीपुरता देखणा नकाशा दाखवावा, बाकी भुयार शब्दांनी सांगावे आणि एखाद्या खेळाडूला पडद्यावरच्या कोऱ्या पानावर ते काढू द्यावे, हा तोडगा सोपा आहे आणि फुकटही.

नकाशा तयार करणाऱ्यांसाठी एक चाचणीही आहे. नकाशा मोबाइलवर उघडावा, ब्राइटनेस निम्मा करावा आणि एखाद्या नवख्याला खोलीबाहेर पडायच्या वाटा मोजायला सांगाव्यात. वाटा पाच असून त्याला दोनच सापडल्या, तर डबकी पुसायला सुरुवात करावी.