दाखला घेऊन सरकारने दारी यावे

श्रावणबाळ योजनेत 65 वर्षांवरील निराधारांना दरमहा 1500 रुपये मिळतात, पण कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न 21 हजारांच्या आत हवे, म्हणजे दिवसाला 58 रुपयेही नकोत. रोजगार हमीवर शंभर दिवस राबणाऱ्या एका माणसाची मजुरीही या वार्षिक मर्यादेहून जास्त भरते. त्यामुळे सोयगाव किंवा कन्नडच्या खेड्यातल्या खऱ्या गरजू म्हातारीला एक तर अपात्र ठरावे लागते, नाही तर खोटा दाखला काढावा लागतो. गरिबाला खोटे बोलायला लावणारा नियम मला अन्यायाचा वाटतो. त्यात दरवर्षी हयातीचा दाखला, बँकखात्याला आधारची जोडणी, आणि आयुष्यभर कापूस वेचून झिजलेला अंगठा यंत्रावर उमटेल याची खात्री नाही.

मर्यादा वाढवली की बोगस लाभार्थी घुसतील आणि तिजोरीवर भार पडेल, हा आक्षेप रास्त आहे. पण बोगस माणसाला कागद जमवणे जड जात नाही. अडतो तो एकटा, निरक्षर वृद्धच. तलाठी आणि ग्रामसेवकाने गावात येऊन ग्रामसभेसमोर पडताळणी केली, तर दोन्ही प्रश्न सुटतात. भाराचे म्हणाल, तर वृद्धापकाळ निवृत्तिवेतनात 60 ते 79 वयोगटासाठी केंद्राचा वाटा अजूनही अवघा 200 रुपये आहे. आधी तो वाढवून मागावा.